आधी गुणधर्म, मग उपयोग

प्रा. अनंतराव कापडणीस सरांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या पाठीशी झाली. नाशिकच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले, तेव्हा सर फळ्याकडे तोंड करून एका धातूचे गुणधर्म लिहीत होते, ते तास संपेपर्यंत वळलेच नाहीत. सरांचा नियमच तसा होता. आधी गुणधर्म, उपयोग पुढच्या आठवड्यात. मध्ये कोणी शंका काढली, तर "उपयोग अजून यायचे आहेत," एवढंच उत्तर मिळे. आज सर पंचाहत्तरीचे होत आहेत, म्हणून सांगायला हरकत नाही, की या नियमापायी माझं शिक्षण सुटता सुटता राहिलं.

माझे वडील, आण्णा, सायखेड्यात वरातींना गॅसबत्त्या भाड्याने देत. आमचं घर आणि माझं कॉलेज त्यावरच चाले. सरांना गावोगाव विज्ञान सांगत फिरायची हौस. एका रविवारी ते आमच्या गावी आले आणि देवळासमोर त्यांनी थोरियम हा विषय घेतला. चांदीसारखा दिसणारा, हवेत हळूहळू काळवंडणारा, केरळच्या वाळूत सापडणारा किरणोत्सारी धातू. मग त्यांनी पिशवीतून गॅसबत्तीची पांढरी जाळी, म्हणजे मेंटल, काढली आणि किरण मोजायचं यंत्र जवळ नेलं. यंत्र टिकटिक करू लागलं. "या जाळीत थोरियम असतं," सर म्हणाले. "आज गुणधर्म झाले. उपयोग पुढच्या रविवारी." आणि एस.टी. पकडून ते नाशिकला, इंदिरानगरातल्या आपल्या घरी गेले.

उपयोगांसाठी रविवारपर्यंत थांबायला गाव म्हणजे काही वर्ग नव्हे. कोणी म्हणे टक्कल पडतं, कोणी म्हणे नवरीला मूल होत नाही. भर लग्नसराईत एकेक जण बत्त्या नको म्हणून सांगून गेला. शनिवारी आण्णा मला म्हणाले, "तुह्या सरांनी धंदा बुडवला आपला. आता कॉलेज बास झालं. घरी ऱ्हाय."

मी रडत सरांचं घर गाठलं. सर चहा पीत होते. सगळं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माझं चुकलं." प्राध्यापकांच्या तोंडून हे वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्याबरोबरच ते एस.टी.त बसले.

त्या संध्याकाळी गावात वरात होती. सरांनी नवरदेवाच्या वडिलांची कशीबशी समजूत घातली, पण बत्ती डोक्यावर घ्यायला एकही माणूस पुढे येईना. तेव्हा सरांनीच चुंबळ मागितली.

आण्णा म्हणाले, "सर, हे तुमचं काम नाय. मान लचकंल."

"ठेवा," सर म्हणाले.

वरात निघाली. दर दहा पावलांवर सर थांबत आणि उपयोग सांगत. थोरियमचं ऑक्साइड भयंकर आचेतही वितळत नाही, म्हणून असा लख्ख उजेड पडतो. त्याचे बहुतेक किरण साध्या कागदानेही अडतात. जपायचं ते तुटक्या जाळीच्या राखेला. ती फुंकायची नाही, जाळी बदलताना तोंडाला फडकं बांधायचं, मग हात धुवायचे. अर्ध्या तासाच्या वाटेला अडीच तास लागले. वाजंत्री दमून ओट्यावर बसले. शेवटी नवरदेवच घोड्यावरून म्हणाला, "सर, समदं पटलं. आता घरी जाऊ द्या."

पुढचा पंधरवडा सर वाकड्या मानेने शिकवत होते आणि फळ्यावरच्या ओळी उतरणीला लागल्या होत्या. आण्णांच्या बत्त्या मात्र पुन्हा वरातींना जाऊ लागल्या. मी शिकले, आज मीही रसायनशास्त्र शिकवते. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, असं मनापासून वाटतं. पण ते मागणं माझ्यापेक्षा आण्णांनी नेमकं मागितलं. आता ते फार थकलेत. सरांवर लिहिते आहे असं सांगितलं, तेव्हा अंथरुणावरूनच म्हणाले, "लिही. चूक झाली का लोकं तोंड लपवित्यात. ह्या माणसानं ती डोक्यावर घेतली आन् उजेडात गावभर फिरवली. त्यांना शंभर वरसं मिळू दे."