घासून दिलेला डबा

बहात्तरच्या दुष्काळातली ती घटना अजून माझ्या मनातून जात नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझी मान खाली गेली ती एका पत्र्याच्या डब्यामुळे.

मी तेव्हा आटपाडी भागात फौजदार होतो. एका सकाळी जवळच्या गावचे पोलीस पाटील सायकल हाणत ठाण्यात आले. दुष्काळी कामावर जाणारी एक बाई झटके येऊन, तोंडाला फेस येऊन मेली होती. आदल्या दिवशी मेंढरं विकण्यावरून नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं. मेव्हण्यानेच विष घातलं, असं बाईचा भाऊ चारचौघांत सांगत होता.

पंचनामा केला. डॉक्टरांनी विषबाधेचा संशय सांगितला आणि व्हिसेरा पुण्याला गेला. घराची झडती घेतली, पण बाटली नाही, पुडी नाही. तरी मी नवऱ्याला ताब्यात घेतलं. घरात भांडण आणि घरात विष, मला एवढं पुरे होतं.

हा मेंढपाळ माणूस, अंगाने काटकुळा. "म्या न्हाई दिलं, साहेब," यापलीकडे शब्द नाही. मी तरणा होतो, डोकं तापट होतं. पट्ट्याने मारलं त्याला. उगाच कोणाच्या माथी मारत नाही, मीच मारलं. त्याची म्हातारी आई सकाळपासून ठाण्याबाहेरच्या लिंबाखाली बसून असायची.

कोठडी वाढवून घेतली. तिसऱ्या दिवशी जबाबाचा कागद भरायचा म्हणून मी विचारलं, "त्या सकाळी तिने काय काय खाल्लं?"

"भाकरी बी न्हाई. नुसतं पानी प्याली."

"कुठलं पाणी?"

"सांगलीच्या डब्यातलं. आदल्या दिशीच मिळाला हुता, रातभर भरून ठिवल्याला. मी तोंडाला लावला तर वास आला, तसाच थुकलो. ती म्हनाली, लोकांनी एवढं दिल्यालं हाय, नावं ठिवू नका. आन् घटाघटा प्याली."

"हे आधी का नाही बोललास?"

"तुमी इचारलंच न्हाई. तुमी इचारत हुता, इष कुठनं आनलं."

मी उठून उभा राहिलो. तो डबा मला माहीत होता. सांगलीच्या एका गल्लीतल्या बायकांनी घरोघरचे रिकामे डबे गोळा केले होते. एरवी ते भंगारात जायचे. एका कारागिराने त्यांना फुकट तारेच्या कड्या लावून दिल्या आणि दुष्काळी कामावरच्या लोकांना पाणी वाहायला ते ट्रकने आले. टाकाऊ वस्तूचं सोनं केलं म्हणून सगळीकडे कौतुक झालं होतं. मी स्वतः ट्रकपाशी उभा राहून रांग लावली होती.

डबा घरातच खुंटीला होता. सुतकात शेजारी घागरीने पाणी आणून देत होते, म्हणून कोणी त्याला हात लावला नव्हता. बाहेरून आरशासारखा लखलखीत. पंचांसमोर पाणी ओतून ठेवलं, तर थोड्या वेळाने ते दुधट झालं. तळाची दुमड उचकटली आणि उसावर मारायच्या कीडनाशकाचा उग्र वास आला. आमच्या घरच्या उसाला मी स्वतः ते औषध फवारलं होतं, मला वेगळं कोणी सांगायला नको होतं. पुढे पुण्याच्या अहवालातही तेच विष निघालं.

सांगलीला गेलो. कारागीर रडकुंडीला आला. "साहेब, वरची इषाची चिठ्ठी बघून दोन डबे म्या बाजूला काढलं हुतं. याच्यावर चिठ्ठीच नव्हती."

गल्लीत विचारत त्या घरी पोचलो. घरचा उसाचा मळा, मुलगा पलटणीत, घरात वाचता येणारं दुसरं कोणी नाही. साठीच्या बाईंनी डबा लगेच ओळखला. कडीपाशी पोचा होता.

"व्हय, माझाच. आवं साहेब, दुसऱ्याला द्यायची वस्तू घाण कशी द्यायची? चिच लावली, राख लावली, लय घासला."

"त्यावरचा कागद?"

"त्यो निघंना. भिजत घालून इळतीनं खरवडला. मड्याच्या टकुऱ्याचं चित्र हुतं त्याच्यावर. असलं अभद्र कुणाच्या घरात कसं धाडायचं?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "का वं? काय झालं?"

मी सांगितलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

मी कागद वर पाठवले. सरकारी वकिलांनी निष्काळजीपणाचं कलम चाळून पाहिलं आणि फाईल मिटली. अपघाती मृत्यू. बाकीचे डबे आम्ही गावोगाव फिरून तपासले. दुसरा तसला निघाला नाही, एवढंच नशीब.

नवऱ्याला सोडायच्या दिवशी मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. मी सगळं समजावून सांगितलं: देणाऱ्या बाईंच्या मनात पाप नव्हतं, तुझ्या बायकोच्या मनात नव्हतं, चूक कोणाचीच म्हणता येत नाही.

आम्हा पोलिसांना आधी पापी माणूस शोधायची सवय. मेलेलं माणूस दिसलं की मारणारा कोण एवढंच आम्ही विचारतो, आणि ज्याचं नाव आधी येतं त्याच्या पाठीवर उत्तर शोधतो. त्यानंतर मी कुठल्याही आरोपीला पहिला प्रश्न विचारला तो, "त्या दिवशी काय झालं, सुरुवातीपासून सांग." आणि पट्टा हातात घेतला नाही. पण हे शहाणपण त्या माणसाच्या अंगावर शिकलो, याची लाज वाटते.

माझं ते समजावणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पागोटं बांधलं, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "कुनाचीच चूक न्हाई म्हंता, साहेब. मंग मला मारलं त्ये?"

बाहेर त्याची आई लिंबाखालून उठून उभी राहिली होती. तिला हाताला धरून तो गेला.