यादीतून उडालेली बारकी

बारकी वरठा संस्थेच्या तलासरीच्या ऑफिसात शिरली ती चप्पल न काढताच. गळ्यातलं ओळखपत्र तिने चंद्रिकाच्या टेबलावर टाकलं. म्हणाली, "घे. चोराचा बिल्ला मला नको."

चंद्रिकाला काही उमजेना. बारकी झरीजवळच्या आपल्या पाड्यावर पाच वर्षं संस्थेची स्वयंसेविका. नोव्हेंबरात भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून तर ती स्वतःच्या घरी कमी आणि दुसऱ्यांच्या अंगणात जास्त. धक्का बसला की घरोघर जायचं, म्हातारी माणसं आणि पोरं बाहेर आली का बघायचं, भिंत तडकली असेल तर कळवायचं. कुणी कुठे जायचं ते चंद्रिकाचं सॉफ्टवेअर ठरवी आणि तिने कळ दाबली की मोबाईलवर निरोप धाडी.

ते तिनेच उभं केलं होतं. २०१४ साली नोकरीला लागली तेव्हा हातात स्वयंसेविकांच्या नावांच्या तीन फाटक्या वह्या आल्या. नरपड गावचा तिचा मावसभाऊ, नविन, हा प्रोग्रॅम लिही आणि काय लिहायचं ते ही सांगे. लावणीच्या दिवसांत कुणाला बोलवायचं नाही, कुणाचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, कुणाला वाचता येत नाही म्हणून निरोप आवाजात पाठवायचा. या कामाचा तिला अभिमान होता, आणि तो अभिमानच आता नडला.

जानेवारीत संस्थेच्या शहरातल्या सचिवांनी स्वयंसेविकांची यादी साफ करायला सांगितली. देणगीदारांना दाखवायची होती. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली तर दोन नोंदींची एक करायची, हा नियम चंद्रिकाचाच. एकशे बारांपैकी एकोणतीस नावं उडाली. सचिवांनी तिला न विचारता, न सांगता त्या एकोणतीस जणींना पत्रं पाठवली: भूकंपाच्या वाटपातल्या ताडपत्र्या दोनदा मिळवण्यासाठी खोटी नोंद केल्याचं दिसतं, ओळखपत्र परत करा.

बारकीचं पत्र पाड्यावर सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं. मंगळवारी दुपारी धक्का बसला, तेव्हा तिच्या पाड्याचा निरोप सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या बारकी वरठाला गेला. ही बिननिरोपाचीच धावली, कौलांखालून म्हाताऱ्या धोंडीला ओढून अंगणात आणलं. तिथे एकाने विचारलं, आता कुठली ताडपत्री हवी?

हे सांगताना बारकीचा आवाज चढला नाही.

चंद्रिकाने संगणकावर जुनी यादी उघडली. दोन बारक्या, दोघींची जन्मतारीख एक जून. खाली शंभरावर नावं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त नावांपुढे एक जूनच. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख ठाऊक नसे, गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. चंद्रिकाच्या दाखल्यावरही एक जूनच आहे. आई मात्र सांगते, तू होळीच्या चार दिवस आधीची. जन्मभर हे माहीत असूनही नियम घालताना तिला आठवलं नाही. कॉलेज केलेल्या डोक्याचा तिला असा संताप आला की वाटलं, स्क्रीन फोडावा.

"बाय, बघत काय बसलीस?" बारकी म्हणाली. "त्या सायबाला फोन लाव. मला ऐकू दे."

चंद्रिकाने स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं. नोंदी पूर्ववत करा आणि विषय संपवा, म्हणाले.

"विषय पत्राने सुरू झालाय, सर. दुसरं पत्र पाठवा, तेही पाड्यांवर वाचलं जाईल. चूक माझी होती असं लिहा. आणि चोर म्हटल्याबद्दल माफी तुमची."

संस्थेच्या नावाचा विचार करा, असं काहीसं ते म्हणाले.

"नावाचाच करतेय. एकोणतीस नावांचा. पत्र येईपर्यंत मी या ऑफिसात बसणार नाही. धक्का बसला तर निरोप तुम्ही धाडा."

तिने फोन ठेवला. घरी दोन लेकरं, नवऱ्याचं काम कधी असतं कधी नसतं, हे तिला नंतर आठवलं.

बारकीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बाकीच्या अठ्ठावीस जणी?"

"प्रत्येकीच्या दारात जाते. आजपासून."

"एकटी गेलीस तर हाणतील तुला," बारकी म्हणाली आणि दाराकडे वळली. "आधी रखमीकडे जाऊ. ती माझ्याहून तापलीय."