भिंतीपासून तीन फूट

लोकांच्या घरांची मापं घेण्यात त्यांची तीस वर्षं गेली. नोकरी कपाटांच्या कारखान्यात. कपाट करायला घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि भिंत, दार, खिडकी, छत सगळं मोजून आणायचं, हे त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशीही खिशात टेप असे, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेपवाले म्हणे. कारखान्याच्या छापील फॉर्मवर त्यांच्या हट्टाने एक रकाना वाढला होता : न हलणाऱ्या वस्तू. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचं वाक्यही ठरलेलं. "कपाट केवढं आहे ते नका विचारू. दार उघडल्यावर ते किती जागा खातं, ते विचारा."

एवढा शहाणा माणूस, पण दुकानात चपटे स्पीकर बघितले आणि पाघळला.

उंची जवळजवळ दाराएवढी, जाडी जेमतेम दोन बोटं. त्यांनी उंची, रुंदी, जाडी तिन्ही मापं टिपून घेतली, घरातल्या दाराचं मापही जुळवून पाहिलं. दुकानात ते स्पीकर खोलीच्या मधोमध उभे होते. दुकान म्हटल्यावर माल मांडून ठेवणारच, असं त्यांना वाटलं.

"टेबल हलणार नाही," घरी विषय निघताच बायको म्हणाली.

तिचं म्हणणं खरं होतं. ती घरीच कपडे अंगाला बसवून द्यायची. पँट आखूड कर, बाही घट्ट कर, कोटाचं अस्तर बदल. टेबल आणि मशीन खिडकीशी, उजेडात. याआधी ते टेबल दोनदा स्वयंपाकघरात गेलं होतं, एकदा यांच्या माशांच्या टाकीसाठी आणि एकदा व्यायामाच्या सायकलसाठी. मासे मेले, सायकलवर टॉवेल वाळू लागले. तेवढ्या काळात स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली तिने एका बाईच्या काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने शिलाई मारली. ती बाई पुन्हा आली नाही, शिवाय आणखी दोन गिऱ्हाइकं तोडून गेली.

"एक इंचही हलणार नाही, शब्द देतो," ते म्हणाले. "अगं, भिंतीला चित्र टेकवावं तसे राहतील ते. तू विसरूनसुद्धा जाशील."

स्पीकर आले. खिडकीच्या दोन बाजूंना, भिंतीला चिकटवून उभे केले. बघायला आलेली शेजारीण म्हणाली, "भाऊजी, कपडे बदलायला आडोसा केलात का? छान आहे."

त्यांनी लक्ष दिलं नाही. आवडीचं गाणं लावलं. गाणारी बाई तोंडावर पांघरूण घेऊन गात असावी, तसा आवाज आला.

"हिला सर्दी झालीय," बायको म्हणाली.

त्यांनी दुकानात फोन केला. दुकानदाराने विचारलं, "भिंतीपासून किती अंतर सोडलंय?"

"काहीच नाही. चिकटून आहेत."

दुकानदार म्हणाला, "साहेब, हे जेवढे पुढून वाजतात तेवढेच मागूनही वाजतात. मागे तीन फूट तरी मोकळे पाहिजेत. बसायचं साधारण आठ फुटांवर, दोघांच्या बरोबर मधे."

फोन ठेवून त्यांनी टेप काढला. स्पीकर तीन फूट पुढे ओढले, तर मधोमध टेबल येत होतं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर त्याची त्यांनी कारखानाभर थट्टा केली असती. इथे ते स्वतःच दोन दिवस टेप घेऊन घरभर मोजत फिरले.

तिसऱ्या दिवशी बायकोने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. फ्रिजशेजारी फरशीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"हे काय?"

"काही नाही. सहज."

"टेबलाला पाय चार आहेत, आणि खुणाही चार आहेत."

"दिवा मोठा बसवून देतो ना मी."

ती भांडली नाही, तेच त्यांना जड गेलं. तिने त्यांच्या बॅगेतून कारखान्याचा कोरा फॉर्म काढला आणि समोर ठेवला. "मी गिऱ्हाईक. बाहेरच्या खोलीचं माप घ्यायला आलायत. घ्या लिहून. चहा मिळेल."

त्यांनी लांबी लिहिली, रुंदी लिहिली. मग तो रकाना आला. पेन थोडं थांबलं.

"लिहा की," ती म्हणाली. "तुमचाच रकाना आहे."

त्यांनी लिहिलं, टेबल. मग सवयीने पुढे स्वल्पविराम दिला.

"सोफा लिहू नका. सोफा हलतो."

सोफा समोरच्या भिंतीला होता. रविवारची दुपारची झोप त्यावर व्हायची. "सोफा गेला तर मी ऐकू कुठे बसून?"

"ते फॉर्मवर विचारलेलं नाही."

सोफा शेजारणीकडे गेला. ती उचलायला मदत करतानाही हसत होती. स्पीकर समोरच्या भिंतीपासून मोजून तीन फुटांवर आले. रविवारची सगळी सकाळ ते बोटभर पुढे, बोटभर मागे, किंचित आत वळव, असं करत गुडघ्यांवर फिरले. दुपारी एकदम जमलं. गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत येऊन उभी राहिली. तिने श्वास घेतलेला ऐकू आला.

पण हे सगळं फक्त एका जागेवरून. हातभर बाजूला झालं की बाई गायब. आणि ती जागा नेमकी बायकोच्या खुर्चीची होती.

त्यांना शेजारी स्टूल मिळालं. तिथून निम्मी बाई ऐकू यायची, मशीन चालू झालं की तेवढीही नाही.

"अजून किती आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन पँटी. आधी उसवायच्या, मग शिवायच्या."

ते म्हणाले, "उसवायला इकडे दे."

तिने पातं दिलं. "दोरा ओढायचा नाही, कापायचा. कापडाला ओरखडा गेला तर बघा."

मापाचा माणूस, एकेक टाका कापत गेला. तासाभरात मशीन थांबलं. ती खुर्चीतून उठली, म्हणाली, "बसा." ते बसले. गाणं सुरू झालं, बाई आली, उभी राहिली.

दुसऱ्या कडव्याला दारावरची बेल वाजली. बायको दाराशी कोणाशी तरी बोलली आणि दोन कोट हातावर टाकून आत आली. त्यांनी कोटांकडे पाहिलं, गाण्याकडे पाहावं तसं समोर पाहिलं, आणि उठून स्टुलावर बसले.

"पातं कुठे ठेवलंस?" ते म्हणाले.