कुंडीमागची नळी

पुण्याला शिकायला निघालेल्या भूमिकाने निवडुंगाची इवली कुंडी रावेरला आजीकडे, झुंबरबाईंकडे सोपवली. "पंधरा दिवसांनी घोटभर पाणी, बस. आबांना हात लावू देऊ नको." झुंबरबाईंनी कॅलेंडरवर खुणा करून शब्द पाळला, तरी निवडुंग बुडातून सडला. कुंडी उचलली, तर मागे ठिबकची नळी, थेट टाकीपासून आणलेली. केळीला पाणी पाजण्यात जन्म गेलेल्या पितांबर आबांना कोरडी माती बघवली नव्हती.

तेवढ्यात भूमिकाचा फोन आबांनीच उचलला. "काय सांगू बाई, तुझ्या आजीचा हात लय सैल. मी रोज म्हनत होतो, इतकं पानी नको देऊ."

चाळीस वर्षांच्या संसारात झुंबरबाईंना हा माणूस इतका परका कधी वाटला नव्हता. त्यांनी ठिबकती नळी आबांच्या मांडीवर ठेवली. "आता फोन द्या इकडे."