टिश्यूच्या पाकिटाने राखलेली जागा

सर्व प्रवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपण बसलेल्या गाडीला चालक नाही. तो रजेवर गेलेला नाही, चहा प्यायला उतरलेला नाही. तो मुळात नाहीच. कृपया घाबरू नये. घाबरायचंच असेल तर निदान दाराला टेकून घाबरू नये.

ही सूचना मी गाडीत कधी मोठ्याने दिलेली नाही. रोज सकाळी युनिफॉर्म चढवताना आरशासमोर मात्र देते. सेंगकांगहून हार्बरफ्रंटकडे जमिनीखालून धावणाऱ्या बिनचालकाच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझी नोकरी आहे. पदाला इथे लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण नाशिकची माझी आई सगळ्यांना सांगते, "लेक सिंगापूरला कंडक्टर आहे." तिकीट नाही, पंच नाही, घंटी नाही. डब्याडब्यातून फिरायचं, वाट चुकलेल्याला स्टेशन सांगायचं, चक्कर आलेल्याला बसवायचं आणि गाडीत खाणाऱ्याकडे असं बघायचं की हातातला घास आपोआप पिशवीत परत जावा. गणपतीतल्या नाटकांत मी वर्षानुवर्षं कजाग सासू केली आहे. ती नजर तिथलीच.

चिनी पंचांगातला सातवा महिना लागला की मात्र मी जरा दबकून फिरते. आपल्या पितृपक्षाच्या थोडा आधी हा महिना येतो. तेव्हा मेलेल्यांच्या मुलखाचं दार उघडतं आणि ती मंडळी महिनाभर घरी येऊन राहतात, असं इथले लोक मानतात. आमच्या इमारतीखाली पत्र्याच्या पिंपात त्यांच्यासाठी कागदी कपडे, कागदी बूट, कागदी मोबाइल जळत असतात. राखेचा वास केसांत बसतो. मैदानात गाण्याचे कार्यक्रम होतात, त्यांत पहिली रांग या पाहुण्यांसाठी रिकामी सोडतात, आणि गायिका त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून लाडिक हसत गाते. जिवंत प्रेक्षकांकडे इतक्या आर्जवाने बघणारी नटी मी पाहिलेली नाही.

आणि गाडीतल्या काचा. बोगद्यात शिरलं की खिडकी काळी होते आणि तिच्यात अख्खा डबा दिसायला लागतो. त्या महिन्यात मी काचेत बघत नाही. पगार डब्यावर नजर ठेवायचा मिळतो, काचेतल्या डब्यावर नव्हे.

अशाच एका सातव्या महिन्यात, सकाळच्या गाडीला सेंगकांगहून एक चिनी म्हातारी चढली. एका सीटवर बसली, पिशवीतून टिश्यूचं पाकीट काढलं आणि शेजारच्या सीटवर ठेवलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेल्यावर इथे असंच करतात: आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची, मग निवांत रांगेत उभं राहायचं. ते पाकीट कुणी हलवत नाही. पण गाडीत ही पद्धत चालत नाही.

"आंटी, इथे जागा धरता येत नाही."

"तो आहे ना."

"कोण?"

"माझा नवरा."

"कुठे चढणार आहे?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "चढला कधीच. गर्ल, तू जरा सरक. त्याच्या पायावर उभी आहेस."

मी सरकले. चांगली हातभर सरकले. पन्नाशीच्या बाईला 'गर्ल' म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालणं माझ्या स्वभावात नाही, हे एक कारण. दुसरं मला त्या वेळी तपासायचं नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत तिने मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. नवऱ्याचे गुडघे गेलेले. त्याला हॉस्पिटलला न्यायचं होतं, म्हणून दोघं याच गाडीत चढली. जागा एकच मिळाली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बळेच खाली बसवलं आणि स्वतः खांबाला धरून हॉस्पिटलच्या स्टेशनापर्यंत उभा राहिला. तिथून तो घरी परतलाच नाही.

"तो उभा गेला आणि मी बसून होते," ती म्हणाली. "या महिन्यात तो बसणार. रोज बसणार."

एवढंच तिचं मागणं. हार्बरफ्रंटपर्यंत जायचं, तिथे कॉफी प्यायची, परत यायचं, आणि जाता-येता त्याला बसायला मिळायला हवं. तक्रार आली असती तर मला पाकीट उचलायला लावावं लागलं असतं. म्हणून तक्रार येऊच नये, अशी व्यवस्था मी केली. गर्दीच्या वेळी त्या सीटसमोर पडद्यासारखी पसरून उभी राहायचे. कुणी वाकून बघितलंच तर चेहरा गंभीर करून सांगायचे, "ओली आहे." कशाने ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. माझा नवरा बोटीवर इंजिनिअर आहे. आमच्या जेवणाच्या टेबलापाशीही एक खुर्ची वर्षातले कितीतरी महिने रिकामी असते, आणि तिच्यावर कुणी पिशवी ठेवली तरी मी खेकसते.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. गाडी गच्च भरली होती. मागच्या डब्यात एका मुलीला चक्कर आली म्हणून मी तिकडे गेले. परत येते तो काय, पाकिटाच्या जागी एक नवाकोरा आयटीवाला तरुण! गळ्यात ऑफिसचं कार्ड, कानाला मोबाइल, आणि मराठी.

"अगं आई, इथे गरीब म्हाताऱ्या बायका टिश्यू विकतात. हॉकर सेंटरमध्ये बघतो रोज, आता गाडीतसुद्धा! मी घेतलं की एक. दोन डॉलरची नोट दिली, सुटे नको म्हटलं."

शेजारी म्हातारी मांडीवरच्या नोटेकडे बघत होती.

"अहो, उठा आधी!" मी मराठीत ओरडले.

"अरेच्चा, तुम्ही मराठी?"

"ते नंतर. उठा!"

"का? रिझर्व्ह आहे का?"

"पितृपक्षात पान वाढून ठेवतात, माहीत आहे ना? तुम्ही त्या पानावर बसलाय."

तो असा उठला की डोकं वरच्या दांडीवर आपटलं. मोबाइलमधून त्याची आई विचारत राहिली, "काय रे? काय झालं?" पाकीट त्याने दोन्ही हातांनी सीटवर ठेवलं, नैवेद्य ठेवावा तसं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, एक सांगू? मी बसलो तेव्हा सीट गरम होती."

मी म्हातारीला विचारलं. सेंगकांगपासून तिथे कुणीही बसलं नव्हतं. मी सीटवर तळवा टेकवला. गरम होती. अर्थात तो स्वतःच नुकता उठला होता, तेव्हा त्यावरून काय ठरवणार? तरी मी हात झटकन काढून घेतला आणि "माफ करा" म्हणाले. कुणाला, ते विचारू नका.

पुढच्या स्टेशनात एक म्हातारे गृहस्थ चढले. पायाला जाड बँडेज, हातात काठी, काखेत हॉस्पिटलची पिशवी. लोक मोबाइलमध्ये माना घालून बसलेले. गृहस्थांनी खांब धरला आणि डोळे मिटून घेतले. मी एका कॉलेजच्या मुलाकडे सासूची नजर वळवणार, तेवढ्यात म्हातारीच अर्धवट उठली आणि स्वतःच्या जागेकडे बोट दाखवू लागली.

"नको, नको," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही बसा." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

तिचा चेहरा पांढराफटक झाला. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग शेजारच्या सीटकडे. पुन्हा त्यांच्याकडे. गाडी हेलकावली, गृहस्थ कळवळले. तो तरुण माझ्या तोंडाकडे बघत होता. मग मी नको ते केलं. काचेत बघितलं. काचेत म्हातारी होती, काठीवाले होते, आणि त्यांच्यामध्ये... पण गाडी स्टेशनात शिरली, काच उजळली आणि पलीकडचा फलाट दिसू लागला.

म्हातारीने पाकीट उचलून मांडीवर घेतलं. मासळीबाजारात घासाघीस करून करून तिची बोली मला भांडणापुरती कळते, म्हणून सांगते. रिकाम्या सीटकडे वळून, सगळा डबा ऐकेल अशा आवाजात ती खेकसली, "ऊठ, म्हाताऱ्या! महिनाभर बसलास ना? आता याला बसू दे!"