सारवलेली जागा

आमच्या निपाणीच्या गल्लीत पारमिताचं काम कुणालाच धड कळत नाही. मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. एवढं शिकून शेवटी मातीच उकरतेस ना, म्हणून मीही तिला पुष्कळ छळलं आहे. हवेत मिथेन नावाचा वायू असतो. तो जगाचा उष्मा वाढवतो, आणि मातीतले सूक्ष्म जीव तो खातात. कुठली माती किती खाते, हे ती मोजते. जमिनीत रोवलेल्या लोखंडी कड्यावर झाकण बसवायचं, आतली हवा थांबून थांबून सिरिंजनं ओढायची आणि मिथेन कमी होतोय का ते तपासायचं.

सदलग्याला शेतमालकीण अक्काताईंच्या घरामागच्या परड्यात कधीच न नांगरलेला तुकडा आहे. तिथली माती उसाच्या रानापेक्षा जास्त खाते का, यावर पारमिताचं वर्षभराचं काम उभं होतं. पावसाआधीचं शेवटचं मोजमाप तेवढं राहिलं होतं.

याच घरी तिची आजी सोनुबाई पूर्वी मजुरीला जायची. ती अंगणात जिथे उभी राही, ती जागा विटाळली म्हणून मागाहून शेणानं सारवून घेत. पारमिता हे ऐकतच वाढली.

त्या दिवशी ती परड्यात गेली, तर कड्याच्या आतली-बाहेरची जमीन ताज्या शेणानं सारवलेली. मागच्या खेपेला ती तिथेच बसली होती. मी असते तर तिथूनच परत फिरले असते.

तेवढ्यात अक्काताई मागून आल्या. हात अजून शेणानं भरलेले.

"तू दर येळी मातीत बसतीस, बरं वाटत न्हाय मला. म्हणून माझ्या हातानं सारवलं गं."

पारमिताला रडू फुटलं. मोजमाप तर गेलंच होतं, कारण शेणातूनच मिथेन निघतो. तिनं तसं समजावलं आणि पुन्हा सारवू नका म्हणून सांगितलं. अक्काताई ओशाळून हात धुवायला गेल्या.

संध्याकाळी ती हे आजीला सांगत होती, तेव्हा मी तिथेच चहा पीत होते. वर्षाची मेहनत वाया गेली म्हणून ती हळहळत होती. सोनुबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. अक्काताईनं स्वतःच्या हातानं सारवलं का, एवढंच तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग ती नातीला म्हणाली,

"आन तू तिला सारवू नको म्हणून आलीस व्हय?"