पोर्टवाले भाऊजी

आमच्या पोर्टवाल्या भाऊजींपुढे डबा ठेवायची सोय नव्हती. बेसनाचा असो की रव्याचा, उचलायचे आणि ओट्यावर आपटायचे. मोजून पंचवीस वेळा. मग झाकण काढून आत डोकावायचे. आमच्या नंदनवन वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "काय वं काकू, तुमच्या देराले बेसनात समुद्र दिसते का?" मीही हसायची.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कुही गावाकडचे, धानाच्या शेतात वाढलेले. तळ्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं, आणि नोकरी लागली ती पार पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, खोल पाण्याच्या बंदरात. तिथं कोळशाचे आणि लोखंडाच्या मातीचे तीन-तीन मजली ढीग. ती माती जहाजात भरण्याआधी तपासायची, हे यांचं काम. डब्यात माती भरायची, डबा फरशीवर आपटायचा. वर पाणी चकाकलं, की माल ओला. मग भरायचा नाही.

"वरून कोरडीच दिसते, वहिनी," ते सांगायचे. "पण जहाज हाललं का आतल्या आत गारा होते, नुसता चिखल. धानाच्या रोवणीच्या बांधीत पाय कसा खोल जाते? तसाच सारा माल एका बाजूनं सरकते, अन् जहाज कलंडते."

आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. भाजीवाल्यानं सडकं वांगं दिलं तरी म्हणायचे, "राहू द्या, त्याच्या ध्यानात नसन आलं." मला याचा राग यायचा. अजून येतो. इतकं भलं असू नये माणसानं, लोक पाय पुसतात.

तसेच पुसले. एका पावसाळ्यात ढीग उघडाच भिजत पडला होता. जहाज धक्क्याला लागलेलं, साहेबाला घाई. भाऊजींनी डबा आपटला, पाणी आलं. साहेब म्हणाला, पुन्हा कर. तीन ठिकाणची माती घेतली, तिन्ही वेळा पाणी. त्यांनी कागदावर 'माल ओला आहे' लिहिलं, सही केली आणि कागद साहेबाच्या हातात दिला. माल तरीही भरला. भर समुद्रात जहाज कलंडलं. बाकीचे वाचले, दोन खलाशी सापडलेच नाहीत.

चौकशी झाली. तो कागद कुठंच नव्हता. अहवालात एक ओळ आली : तपासणाऱ्यानं ओलाव्याची सूचना दिली नाही. आणि भाऊजींना मुदतीआधी निवृत्त करून घरी पाठवलं.

मी भडकले. "झेरॉक्स काहून नाही काढली तुम्ही?"

"साहेब समोरच उभे होते ना, वहिनी. समोरच्या माणसापासून कागद कसा लपवून ठेवाचा?"

लपवून! झेरॉक्स काढणं यांना लपवणं वाटलं. गावात दिल्या शब्दाची पावती कोण मागतो? तेच घेऊन गेले होते समुद्रावर.

पुढं वर्षानुवर्षं अर्ज लिहीत राहिले, ती एक ओळ बदला म्हणून. आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, म्हणायचे, "सोड ना गा आता. नोकरी का वापस भेटणार आहे?" तेव्हा एकदाच त्यांचा आवाज कापताना ऐकला. "नोकरी कोण मागते, दादा? त्या दोघांच्या घरचे तो अहवाल वाचत असतीन. त्याईले वाटत असन, म्या पाह्यलंच नाही."

मागल्या वर्षी गेले. बंदरावरून छातीत कोळशाची धूळ घेऊन आले होते, तीच घेऊन गेले. तेरवीला बंदराच्या कंपनीचे दोन जण आले. शाल, नारळ, आणि काचेच्या चौकटीत सन्मानपत्र : प्रामाणिक सेवेबद्दल. मी पेन पुढं केला. म्हटलं, "याच्यावर लिहा, की यांनी माल ओला असल्याचं सांगितलं होतं."

"मावशी, ते आमचं डिपार्टमेंट नाही."

"मग हेही तुमचंच ठेवा," म्हटलं, आणि चौकट त्यांच्या गाडीत टाकून आले. नातेवाईक कुजबुजले, तेरवीच्या दिवशी असं शोभतं का? न शोभू दे.

त्या दोन खलाशांची घरं कुठं आहेत, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर त्यांना एवढं वाचून दाखवा : आमच्या भाऊजींनी पाहिलं होतं. तीनदा पाहिलं होतं. माल ओला होता, आणि त्यांनी तसं लिहून दिलं होतं.